गच्चीचा कठडा आणि घरातील बंदूक

वाचकहो, आपल्या माणसांचे रक्षण करणे हे कुटुंबप्रमुखाचे कर्तव्य होय, याविषयी दुमत नाही. परंतु त्या रक्षणासाठी घरात बंदूक आणली, तर ती माणसे खरोखर अधिक सुरक्षित होतात काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

कोलकाता शहराचा बंदुकीशी जुना संबंध आहे. काशीपूर व इच्छापूर येथे शस्त्रांचे सरकारी कारखाने उभे राहिले, आणि डमडमच्या शस्त्रागारावरून एका गोळीला नाव पडले. याच शहरात २६ ऑगस्ट १९१४ रोजी रॉडा या शस्त्रविक्रेत्या कंपनीचा माल गोदामाकडे निघाला असता ५० मॉझर पिस्तुले व ४६,००० काडतुसे वाटेतूनच नाहीशी झाली. माल आणण्याचे काम ज्याच्याकडे होते, तो कंपनीचाच कर्मचारी क्रांतिकारकांना मिळालेला होता. त्यांचा हेतू देशाच्या स्वातंत्र्याचा होता, हे खरे. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : शस्त्र कोणत्याही हेतूने आणलेले असो, ज्याच्या हाती पडेल त्याचे ते होते, आणि तो हात पुष्कळदा आतल्याच माणसाचा असतो.

घराचेही तसेच आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना एका व्यक्तीच्या नावाने मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. परंतु परवाना एकाचा असला, तरी शस्त्राच्या सहवासात सारे घर राहते. पत्नीला, वृद्ध आईला, वयात आलेल्या मुलाला कोणी विचारले होते काय?

अमेरिकेत असंख्य घरांत बंदुका आहेत. म्हणून तेथे या प्रश्नाचे मोजमाप करता आले. कॅलिफोर्नियातील सुमारे १ कोटी ७६ लाख प्रौढांच्या नोंदी तपासून २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वतःजवळ शस्त्र नसलेली, पण पिस्तूलधारकासोबत राहणारी माणसे शस्त्रविरहित घरांतील माणसांच्या तुलनेत दुपटीहून अधिक प्रमाणात हत्येला बळी पडली. घरातच जोडीदाराच्या गोळीने मरण येण्याचे प्रमाण तर सातपट होते, आणि अशा बळींत शंभरांतील ८४ स्त्रिया होत्या. परक्या हल्लेखोरापासून मात्र या माणसांना अधिक संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही.

याचे कारण गूढ नाही. चोर एखाद्या रात्री येतो, न येतो. राग, मद्य आणि निराशा यांना दार ठोठवावे लागत नाही. क्रोधाचा वा हताशेचा क्षण ओसरतो. सुटलेली गोळी परत येत नाही.

पवित्र शास्त्र स्वसंरक्षण नाकारीत नाही. निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात रात्री घर फोडणाऱ्यावर प्राणघातक प्रहार झाला तर दोष नाही. मात्र सूर्य उगवल्यावर तसे केल्यास रक्तपाताचा दोष आहे. त्याच शास्त्रात अनुवाद २२:८ येथे नवे घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा करण्याची आज्ञा आहे, म्हणजे कोणी पडून घरावर रक्तपाताचा दोष येऊ नये. कोलकात्याच्या गच्चीवर विश्वकर्मा पूजेच्या दिवशी मुले पतंग उडवितात, तेव्हा त्या कठड्याचे मोल कळते. तो चोराला अडविण्यासाठी नसतो. आपल्याच माणसांसाठी असतो.

एखाद्याच्या जिवाला खराच धोका असेल आणि त्याला शस्त्र बाळगणे भाग पडले असेल, त्याला आपण दोष देऊ नये. पण त्यानेही कठडा बांधावा. घरच्यांना विचारावे. बंदूक आणि काडतुसे निरनिराळ्या ठिकाणी कुलपात ठेवावीत. घरात कोणी व्यसनी वा खिन्न असेल, तर शस्त्र ठेवूच नये. वडिलांच्या मागे बंदूक उरली असेल, तर ती पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची तरतूद कायद्यात आहे. वडिलांच्या आठवणीला त्यांची तसबीर पुरे.

वाचकहो, दाराबाहेरच्या भयाचा विचार आपण नित्य करतो. आज रात्री दार लावून घेतल्यावर, आत कोण कोण निजले आहे याचाही विचार करू या.