चहापाणी खातं

घोडेगावच्या कांदा मार्केटात माझी आडत आहे. लिलाव झाला की हिशोबपट्टी होते, हमाली-तोलाई लागते, शेतकरी पैसे मोजून घेतो. माझ्या वहीत आणखी एक खातं आहे, 'चहापाणी'. त्या पैशांतून चहा क्वचितच आला. पाणी आलं ते देशी संत्र्याच्या क्वार्टरमध्ये घालायला.

मी स्वतः पीत नाही. इतकी वर्षं छाती काढून सांगत आलो. खिशात गायछापची पुडी असते, आमच्याच जिल्ह्यातल्या संगमनेरची. पहाटे डोळा उघडला की चूळ भरायच्या आधी मळायला घेतो. दोनदा सोडली, चार दिवस घरादारावर खेकसलो आणि पुन्हा धरली. तरी व्यसनी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे मीच सोडून बाकी सगळे येतात. त्यात पहिले मामा.

मामा गोण्या शिवायचे. सकाळी दाभणाच्या नेढ्यात सुतळी ओवायला बसले की हात लटलटायचा. सुतळी नेढ्याच्या या बाजूने जायची, त्या बाजूने जायची. टोक तोंडात ओलं करून वळायचे, पुन्हा तेच. "शेठ, हात आला नाही अजून," म्हणायचे. मग मी पोऱ्याला खूण करायचो. नव्वद पोटात गेली की थोड्या वेळात तोच हात यंत्रासारखा चालायचा. मला गंमत वाटायची. चेन्नईची गाडी सुटायची असायची, मला शिवलेल्या गोण्या हव्या असायच्या. ही थरथर दारू उतरल्याची आहे आणि ती थांबवायला मी पुन्हा दारूच पाजतोय, हे कळत नव्हतं असं आता म्हणता येईल. पण कळत होतं. त्यापुढे विचार करायची वेळ आली की मी काट्यावर जाऊन उभा राहायचो.

2017च्या फेब्रुवारीत नगर तालुक्यातल्या पांगरमलला निवडणुकीच्या जेवणावळीत विषारी दारूने माणसं गेली. मार्केटात तीच चर्चा. मिथेनॉल पोटात गेलं की काय होतं, डोळ्यांची नस कशी जाते, सगळे एकमेकांना सांगत होते. मी पोऱ्याला बजावलं, सील बघून आणत जा. सीलबंद आणली की माझ्यावर पाप नाही, असा माझा हिशोब. एप्रिलपासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने हमरस्त्यालगत दारू विकायला बंदी आली, तेव्हा पोऱ्याला लांब जावं लागू लागलं. त्याला पेट्रोलचे पैसे दिले. तेही चहापाण्यातच लिहिले.

पुढे एका कार्तिकीला मामांनी नेवाशाला जाऊन माळ घातली. पेढे मीच वाटले. तिसऱ्या रात्री त्यांचा मुलगा दारात आला. जाऊन बघतो तर मामा खाटेवर बसलेले, घामाने निथळत, बायकोला ओळखत नव्हते. बोटांत काही नव्हतं, तरी दाभण ओवत होते. टोक ओलं करायचे, वळायचे, पुन्हा ओवायचे. "सोंग आहे, तल्लफ आलीय," मी म्हणालो. कोणी म्हणालं, बाहेरचं आहे, शिंगणापूरला तेल वाहा. त्यात अख्खा दिवस गेला.

नगरच्या डॉक्टरांनी मलाच पुढे बसवून सांगितलं. दारू मेंदूला वर्षानुवर्षं दाबत असते, म्हणून तोल राखायला मेंदू आपला जोर वाढवून ठेवतो. दाब एकदम निघाला की तो जोर मोकाट सुटतो. आधी थरथर, कुणाला फिट, मग दोन-चार दिवसांत भ्रम. यात माणूस दगावतो. इतकी जुनी दारू घरी तोडायची नसते, औषधं देऊन दवाखान्यात तोडायची. शिवाय पिणारा धड जेवत नाही आणि दारू बी-1 जीवनसत्त्व अंगी लागू देत नाही, त्यात मेंदूचा आठवणींचा भाग मरतो. कोर्साकोव्ह नावाच्या रशियन डॉक्टराने 1887 सालीच अशा रोग्यांबद्दल लिहून ठेवलंय. नवं काही लक्षात राहत नाही, आणि रिकामी जागा मन आपल्याच गोष्टींनी भरतं. त्याला ते खोटं वाटत नाही.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे. माझ्या कांद्याच्या गाड्या आठवड्याला पुण्याला जातात. त्यातल्या एकीत मामांना बसवून द्यावं, हे सुचलं नाही. खरं सांगायचं तर हंगामात शिवणारा माणूस गेला तर परवडणारं नव्हतं.

मामा वाचले. पायांची आग होते म्हणून अनवाणी, फेंगडे चालत मार्केटात येतात. पोरं विचारतात, "मामा, काल कुठं होता?" ते सांगतात, "शेठची चेन्नईची गाडी भरली ना, तीनशे गोण्या." पोरं हसतात. वर्षभर मीही हसलो. परवा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "शेठ, खोटं का? तुम्हीच तर होता काट्यावर." मी हो म्हणालो.

पाडव्याला नवी वही घातली. मुनीम खाती पाडत होता. आडत, हमाली, तोलाई, बारदान. मग थांबून म्हणाला, "चहापाणी लिहू ना, शेठ?" बाहेर हमाल उभे होते. माझ्या तळहातावर तंबाखू होती, चुना लावून झाला होता. मी मळत राहिलो आणि मान हलवली.