कापडात गुंडाळलेली तलवार

वाचनासाठी शास्त्रभाग : १ शमुवेल २१:१-१५ व २२:६-२३





गतवर्षी माझे वडील प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. दफनविधी आटोपला, पाहुणे परतले आणि त्यानंतर आम्ही भावंडांनी त्यांची जुनी पत्र्याची पेटी उघडली. वरती आजोबांचे पवित्र शास्त्र होते. त्याखाली मंडळीच्या वर्गणीच्या पावत्या, आणि अगदी तळाशी आजीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले एक रिव्हॉल्व्हर. ते पाहून मला आश्चर्य वाटले नाही. ते तेथे आहे हे घरात सर्वांना ठाऊक होते. वडील म्हणत असत, "माझ्यामागे हे तुझे." आता ते माझे झाले होते.

त्या वस्तूचा इतिहास आम्हांला पाठ होता. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीने बनवलेले ते .३२ बोअरचे शस्त्र. घोड्याजवळची कळ अंगठ्याने दाबली की नळी पुढे कलते आणि सहा घरे उघडी पडतात. आजोबा मध्य प्रांतात वनखात्यात रेंजर होते. १८७८ च्या शस्त्र कायद्यान्वये हिंदी माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगता येत नसे. जंगलातील नोकरीमुळे आजोबांना तो परवाना मिळाला. आणि मग ती कथा! १९५१ साली एका रात्री बैतूल जिल्ह्यातील आमच्या घरावर दरोडेखोर आले. आजोबांनी प्रभूचे नाव घेऊन एक गोळी झाडली व दरोडेखोर पळाले. माजघराच्या चौकटीत त्या गोळीने पडलेला खड्डा आम्ही लहानपणी बोटाने चाचपून पाहत असू. दर नाताळात वडील ही कथा सांगत. इतकेच नव्हे, तर परमेश्वर आपल्या लोकांचे कसे रक्षण करतो याचे उदाहरण म्हणून मी स्वतः ती एकदा व्यासपीठावरून सांगितली आहे.

वाचकहो, आपल्या देशाचा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. परवानाधारक मरण पावला की त्याचे शस्त्र वारसाने आपल्या घरी ठेवून घ्यायचे नसते. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात अथवा परवानाप्राप्त विक्रेत्याकडे जमा करावे लागते. नंतर वारसाने परवान्यासाठी अर्ज करावा आणि इतर वारसांनी आपली हरकत नसल्याचे लिहून द्यावे, अशी रीत आहे. मी हे शस्त्र जमा करण्यास तीन आठवडे उशीर केला, हे येथे कबूल करतो. ते हातावेगळे करवत नव्हते. अखेरीस जमा केले, पावती घेतली आणि परवान्याच्या अर्जाची तयारी सुरू केली. अर्जाबरोबर शस्त्राची हकिकत नीट लिहून ठेवावी, म्हणून मी माझ्या आत्याकडे गेलो. तिचे वय त्र्याऐंशी. त्या रात्री घरात असलेली आता ती एकटीच उरली आहे.

मी विचारले, "आत्या, दरोडेखोर किती जण होते?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाळ, दरोडेखोर नव्हते रे. काका होते."

काका म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ. घर व शेत दोघा भावांचे सामाईक होते. धाकट्याने वाटणी मागितली. शब्दाला शब्द लागला आणि आजोबांनी पेटीतून रिव्हॉल्व्हर काढले. गोळी माणसाला लागली नाही. ती चौकटीत रुतली. काका त्याच रात्री पत्नीला व तान्ह्या मुलाला घेऊन घराबाहेर पडले ते परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आजीने ते शस्त्र स्वतःच्या लुगड्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवले. दरोडेखोरांची कथा शेजाऱ्यांना सांगण्यासाठी रचली गेली, आणि पुढे घरातलेही तीच सांगू लागले. माझे वडील तेव्हा तेरा वर्षांचे होते.

तो खड्डा बाहेरच्या दाराला नव्हता, आतल्या चौकटीला होता. इतकी वर्षे आम्ही त्यावरून बोट फिरवले, पण बाहेरून येणाऱ्या दरोडेखोरावर झाडलेली गोळी आत कशी गेली, असे आमच्यापैकी एकालाही कधी विचारावेसे वाटले नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. तेव्हा मला शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील एक प्रसंग आठवला. शौलाच्या भीतीने पळालेला दावीद नोब येथे अहीमलेख याजकाकडे येतो. आपण राजाच्या गुप्त कामगिरीवर आहोत, असे तो खोटेच सांगतो. भाकरी मागतो आणि मग शस्त्र मागतो. याजक सांगतो की येथे एकच तलवार आहे. एला खोऱ्यात तू ज्याला मारलेस त्या गल्याथाची. ती एफोदाच्या मागे वस्त्रात गुंडाळून ठेवलेली आहे. तिच्यासारखी दुसरी नाही, असे म्हणून दावीद ती घेतो.

ती तलवार पवित्रस्थानात कशासाठी ठेवली असेल? गल्याथासमोर उभे राहून तरुण दावीदाने जाहीर केले होते की परमेश्वराला विजय देण्यासाठी तलवारीची वा भाल्याची गरज नसते (१ शमु. १७:४७). ती तलवार त्या सत्याची साक्ष व्हायची होती. पण साक्ष कापडात गुंडाळली गेली, सत्य विसरले गेले आणि तलवार मात्र राहिली. ज्याने ते सत्य उच्चारले त्याच्याच हाती ती पुन्हा शस्त्र म्हणून आली, आणि आली तीही एका खोट्या कथेबरोबर. तिने त्याला अभय दिले का? त्याच दिवशी तो गथ नगरात, म्हणजे गल्याथाच्याच गावात गेला. तेथे ओळख पटताच तो इतका घाबरला की आखीश राजापुढे त्याला वेड्याचे सोंग घ्यावे लागले. वेशीच्या दारांवर रेघोट्या ओढणाऱ्या त्या माणसाच्या ती अजोड तलवार काही कामी आली नाही. स्तोत्र ३४ च्या मथळ्यात या सोंगाचा उल्लेख आहे. आणि त्याच स्तोत्रात तो ऐकणाऱ्यांना शांतीचा शोध घ्या, तिच्या पाठीस लागा, असे विनवतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

खरी किंमत मात्र इतरांनी मोजली. दवेग अदोमी तेथे होता. त्याने शौलाला सांगितले की अहीमलेखाने दावीदाला अन्न दिले व गल्याथाची तलवारही दिली. त्या आरोपावरून पंचाऐंशी याजक मारले गेले. नोब नगरातील स्त्रिया व तान्ही बाळेही सुटली नाहीत. अब्याथार नावाचा अहीमलेखाचा एक मुलगा तेवढा निसटला आणि दावीदाकडे आला.

आता दावीद काय करतो ते पाहा. दोष सर्वस्वी शौलाचा व दवेगाचा आहे, असे तो म्हणू शकला असता, आणि जगाच्या न्यायाने ते खरेही होते. पण तो अब्याथाराला सांगतो की तुझ्या पित्याच्या घराण्याच्या नाशाला मी कारण झालो. दवेगाला तेथे पाहिले तेव्हाच मला हे कळले होते. मग तो त्याला आपल्याजवळ ठेवून घेतो व भिऊ नको म्हणतो. दावीदाच्या त्या सर्व प्रवासात, वाचकहो, मला हे सर्वांत मोठे शौर्य वाटते. गल्याथासमोर उभे राहण्यापेक्षा अब्याथारासमोर उभे राहणे कठीण होते.

मी भाषांतराच्या कामात आयुष्य घालवलेला माणूस आहे. नवख्या सहकाऱ्यांना मी नेहमी सांगतो की मूळ लेखात जे आहे तेच लिहा. वाचकाला अवघड जाईल म्हणून कडू शब्द गोड करू नका. शास्त्रलेखकांनी दावीदाचे खोटे बोलणे लपवले नाही, तेव्हा आपणही ते मवाळ करू नये. आणि येथे माझ्या स्वतःच्या घराच्या इतिहासाचे एक गोड भाषांतर मी पन्नास वर्षे मूळ म्हणून वाचत आलो होतो.

तलवार गुंडाळलेली होती हे सांगताना मूळ इब्री भाषेत जो धातू येतो तो 'लूत' असा आहे. झाकणे, लपेटणे हा त्याचा अर्थ. तो शास्त्रात फार थोड्या ठिकाणी आढळतो. होरेब डोंगरावर परमेश्वराची मंद वाणी ऐकून एलीयाने झग्याने आपले तोंड झाकले, तेथे तो आहे. आणि यशयाच्या पंचविसाव्या अध्यायात तो आहे. तेथे संदेष्टा म्हणतो की सर्व राष्ट्रांवर जे आच्छादन पसरले आहे ते परमेश्वर या डोंगरावर नाहीसे करील. आणि लगेच पुढे म्हणतो की तो मृत्यूला कायमचा गिळून टाकील. क्रम पाहा. आधी आच्छादन जाते, मग मरण जाते. आपणांस मरणावर विजय हवा असतो, पण आच्छादन जागच्या जागी राहावे असे वाटते.

येथे कोणी विचारील, आणि माझ्या धाकट्या बहिणीने विचारलेच, की आजोबांच्या पापाशी आपला काय संबंध? पुत्र पित्याच्या अन्यायाचा भार वाहणार नाही, हे यहेज्केलाने अठराव्या अध्यायात सांगितलेले नाही काय? सांगितले आहे, आणि ते पूर्ण सत्य आहे. आजोबांनी झाडलेल्या गोळीचा दोष माझ्यावर नाही. परंतु दोष वारशाने येत नसला तरी झाकण वारशाने येते, आणि फायदाही येतो. ते जुने घर १९८९ साली विकले गेले आणि त्याच पैशांतून आमचे जबलपूरचे घर उभे राहिले. ज्या मेजावर मी देवाचे वचन मराठीत आणतो ते मेज त्या घरात आहे. काल हे मला ठाऊक नव्हते. आज ठाऊक आहे. आता जर मी ते लुगडे पुन्हा गुंडाळून ठेवले, तर ते पाप आजोबांचे नाही, माझे आहे.

प्रेषित पेत्र आपल्या पहिल्या पत्रात (१:१८) पूर्वजांकडून चालत आलेल्या निरर्थक वागणुकीविषयी बोलतो. त्यासाठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द नव्या करारात इतरत्र कोठेही नाही. पित्याने पुत्राच्या हाती सोपवलेले, असा त्याचा भाव आहे. अशा वारशातून आपली सुटका सोन्यारुप्याने नव्हे, तर ख्रिस्ताच्या मोलवान रक्ताने झाली आहे, असे तो सांगतो. ज्याला सोडवलेले आहे त्याला पूर्वजांची अब्रू राखण्यासाठी खोटे बोलावे लागत नाही. मी माझ्या वडिलांवर पूर्वीइतकेच प्रेम करतो. तेरा वर्षांच्या मुलाने आपल्या बापाला वाचवण्यासाठी एक कथा धरून ठेवली आणि पुढे ती त्याला सोडता आली नाही, हे मला आता समजते. म्हणून त्यांच्या कबरेजवळ मला राग आला नाही, रडू आले.

मी परवान्याचा अर्ज केला नाही. ते शस्त्र मला नको, असे लिहून दिले. परंतु शस्त्र सोडणे सोपे होते. पुढचे काम अवघड होते. आत्याने दिलेल्या धाग्यावरून शोध घेत मी बिलासपूरला गेलो. त्या रात्रीचे तान्हे बाळ, म्हणजे माझे चुलत काका, रेल्वेतून निवृत्त होऊन तेथे राहतात. त्यांच्या घरात हिंदी बोलतात; मराठी वाचणारे आता कोणी उरले नाही. मी त्यांना सर्व सांगितले आणि आमच्या घराण्याच्या वतीने क्षमा मागितली.

त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बाबा त्या घराबद्दल कधी बोलले नाहीत. मात्र रात्री दार वाजले की उठून बसत. असे का, ते आज कळले."

त्यांनी क्षमा केली असे ते म्हणाले नाहीत, आणि मीही विचारले नाही. क्षमा मागणे आपल्या हाती असते. देण्याची वेळ ठरवणे आपल्या हाती नसते. निघताना ते फाटकापर्यंत आले. जुन्या घराच्या किमतीत त्यांचा जो वाटा होता त्याचा हिशेब आम्ही भावंडांनी मांडायला घेतला आहे. तो देऊन होईपर्यंत जक्कयाची गोष्ट व्यासपीठावरून सांगण्याचे धैर्य मला होणार नाही. मात्र दरोडेखोरांची कथा ज्या मंडळीत सांगितली होती, तेथे उभे राहून ती खोटी होती हे मी सांगितले आहे.

प्रिय वाचक, आपण दिल्लीत असा, बडोद्यात असा, हैदराबादेत असा वा एखाद्या लहानशा खेड्यात. आपल्या पेटीत कदाचित रिव्हॉल्व्हर नसेल. पण कापडात गुंडाळलेले काही ना काही बहुतेक घरांत असते. एखाद्या बहिणीचा न दिलेला वाटा. जातीवरून मोडलेली एखादी सोयरीक. ज्याचे नाव घरात घेतले जात नाही असा एखादा भाऊ. आणि त्याबरोबर शेजाऱ्यांसाठी रचलेली एक चांगलीशी कथाही असते. घरात अजून एखादी वृद्ध आत्या किंवा मावशी असेल, तर तिच्याकडे जा. तिच्याजवळ बसा. विचारा, आणि ती गप्प राहिली तर थांबा. ती गेल्यावर विचारायला कोणी उरणार नाही.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, आम्ही जे झाकतो ते तुला उघडे आहे. आमच्या घरांवरील आच्छादन तू आपल्या हाताने दूर कर. आमच्या वाडवडिलांविषयी खरे बोलण्यास आम्हांला प्रीती दे, आणि ज्यांचे आम्ही देणे लागतो त्यांच्या दाराशी जाण्यास पाय दे. वधस्तंभावर उघडा टांगला गेलेला तुझा पुत्र येशू ख्रिस्त याच्या नावाने मागतो. आमेन.