राणीची पर्स, बापूंचं घड्याळ

२०२२ साली वारलेल्या दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या मनगटावर चारचौघांत पर्स हटकून असायची. जिचा मुखडाच नोटांवर, तिला सुट्ट्या पैशांची कसली काळजी? आम्हा बँकवाल्यांना हे कोडंच!

ऐट, दुसरं काय, म्हणाल. मग बापू? १९३१ साली राणीच्या आजोबांच्या राजवाड्यात ते पंचावरच गेले; १९३६ साली आमच्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला येऊन राहिले. त्यांच्या कमरेचं घड्याळही जगाच्या ओळखीचं. साधेपणाचीसुद्धा ऐट होऊ शकते, बुवा!

फरक एवढाच : पर्समध्ये काय, हे कुणी विचारत नाही; घड्याळ मात्र धन्यालाच जाब विचारतं. मिरवायचंच तर आपल्यालाच धारेवर धरील असं काही मिरवावं.

म्हणून तर बँकेतलं घड्याळ कारकुनांच्या पाठीमागं टांगलेलं असतं!