किळसेचा भाव

शॉवरखाली पाच मिनिटं उभं राहिलं की पाणी घोट्यापर्यंत चढतं, तेव्हा जाळीखाली काय अडकलंय हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं. केस असतात. आपलेच असतात. तरी पहिला आठवडा सगळे गप्प बसतात. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी घराच्या ग्रुपवर लिहितं, ‘बाथरूममधलं पाणी जात नाहीये.’ हे वाक्य मला फार आवडतं. जे काय करायचं ते पाण्याने करायचं. त्यात माणूस कुठेच नाही.

आम्ही तिघी पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. ग्रुपवर दहा मिनिटांत निर्णय झाला: ॲपवरून प्लंबर बोलवायचा, जे काही तीन-साडेतीनशे होतील ते तिघींत वाटून घ्यायचे. कुणाचे केस सगळ्यांत लांब, हा विषय एकीने काढला आणि दुसरीने हसण्यावारी नेला. मला मात्र भलताच प्रश्न पडला. तो माणूस येऊन नेमकं काय करणार?

जाळी उचलणार. जाळीखाली एक भांडं असतं, त्याला प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात. त्यात दोनेक इंच पाणी कायम साठून राहावं अशी त्याची रचना असते. त्या पाण्यामुळेच गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. माणसाचे रोज साधारण ५० ते १०० केस गळतात, त्यातले बरेच न्हाताना. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम असतं, साबण त्याच्याशी मिळून न विरघळणारी पांढरट साय धरतो, ती साय केसांवर बसते आणि तिच्यात आणखी केस अडकतात. म्हणजे विटाही आपल्याच आणि गिलावाही आपलाच. तर तो माणूस हातमोजा घालून, बहुतेकदा न घालताच, हा गोळा बोटांनी ओढून काढणार, बादलीभर पाणी ओतून बघणार आणि पैसे घेऊन जाणार.

यात प्लंबिंग कुठे आहे?

नळ गळत असेल तर मी प्लंबरला बोलावते, कारण त्याला येतं ते मला येत नाही. भिंतीत पाइप फुटला असेल तर तो कुठे फुटलाय हे नुसत्या ओलीवरून ओळखणारा माणूस माझ्या दृष्टीने कलावंत आहे. तिथे मी कौशल्याचे पैसे देते. जाळी उचलून केस काढायला कौशल्य लागत नाही, दोन हात लागतात, आणि ते माझ्याकडे आहेत. मग मी कशाचे पैसे देणार होते? किळसेचे. मला जी किळस येते ती माझ्याऐवजी त्याने सोसावी, याचे. ज्याला वाकता येत नाही, ज्याची कंबर धरली आहे, त्याने खुशाल कुणालाही बोलवावं. त्याचा हा प्रश्न नाही. आम्ही तिघी धडधाकट आहोत आणि एक तर योगासनं करते.

हे मी ग्रुपवर नाही, स्वयंपाकघरात बोलले. एमबीए करणारी रूममेट म्हणाली, ‘म्हणजे तुझ्या तत्त्वापायी त्या माणसाचे साडेतीनशे बुडणार. त्याला विचारलंस का?’ मुद्दा चांगला होता. पुढे म्हणाली, ‘आपण डबा मागवतो, कपडे इस्त्रीला देतो. प्रत्येक जण आपल्याला नको असलेलंच काम दुसऱ्याला देतो. याला बाजार म्हणतात.’

मी तिच्याच बाजाराच्या भाषेत विचार करून पाहिला. जे काम कुणालाच नको असतं, त्याचा भाव वाढायला हवा. रात्रपाळीला जादा भत्ता असतो, खोल समुद्रात काम करणाऱ्यांना चांगला पगार असतो. त्या हिशेबाने आपल्याकडे घाण काढण्याचं काम सगळ्यांत महाग असायला हवं होतं. ते सगळ्यांत स्वस्तांपैकी आहे. नको असलेली वस्तू स्वस्त असते हे मला समजतं. नको असलेलं कष्टाचं काम स्वस्त असेल, तर त्याचा अर्थ एवढाच निघतो की कुणातरी माणसांना ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. ही माणसं कोण, हे आपल्याकडे जन्माने ठरत होतं आणि पुष्कळदा अजूनही ठरतं. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हाच भेद दाखवला होता: जात म्हणजे नुसती कामांची वाटणी नव्हे, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. आमच्या साडेतीनशेच्या मागे तो जुना भाव उभा आहे. प्लंबर कोणत्या जातीचा असेल हे मला माहीत नाही, ते माहीत असण्याची गरजही नाही. किळस विकत घेता येते आणि ती स्वस्तात मिळते, ही सवय मला कुठून आली याची गरज आहे.

याच्या उलट टोकाला आणखी एक खड्डा आहे. आपली घाण आपण काढली की लगेच थोर वाटायला लागतं. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात आप्पासाहेब पटवर्धनांनी मैला साफ करण्याचं काम मागितलं. तुरुंगात ते काम जातीवरून दिलं जाई, म्हणून त्यांना नाकारलं गेलं. त्यांनी अन्नाचा प्रश्न केला, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण सुरू केलं. त्या काळात हे धाडस होतं, यात शंका नाही. पण मला त्यातली दुसरी बाजूही टोचते. जे काम आप्पांनी मागितल्याची इतिहासात नोंद झाली, तेच काम शेजारच्या बराकीतला कुणी कैदी न मागता करत असणार. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. स्वतःच्या इच्छेने उचललेली घाण आणि गळ्यात पडलेली घाण वजनाला सारखी नसते. त्यामुळे जाळी उघडल्याचा फोटो मी स्टेटसला टाकणार नव्हते. तशीही तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करण्याच्या व्हिडिओंची नेटवर कमी नाही. तीच माणसं, तीच घाण, फक्त वास नाही. मग लोक जेवताना आवडीने बघतात.

केस मी काढले. स्क्रू-ड्रायव्हरने जाळी उचकटली, भांड्यातला कप बाहेर काढला, स्वयंपाकघरातले जुने रबरी मोजे आणि हँगरची सरळ केलेली तार. वीस मिनिटं. पहिली दोन मिनिटं वाईट गेली, नंतर नाक सरावतं आणि डोळे बघायला लागतात. गोळ्यात माझे काळे केस होते, एकीचे मेंदीने तांबूस झालेले, तिसरीचे कुरळे. वेगळे करणं अशक्य होतं. कुणाचे जास्त, हा वाद तिथेच मिटला.

माझी आजी विंचरून झाल्यावर निघालेल्या केसांची बोटाभोवती गुंडाळी करून भिंतीच्या फटीत ठेवायची. गुंतवळ म्हणायची त्याला. साठला की दारावर येणारी बाई तो घेऊन जाई, त्याबदल्यात सुया नाहीतर छोटं भांडं देई. त्या केसांची गंगावनं होत, कुणाच्या तरी आंबाड्याला भर येई. म्हणजे फणीवरच्या केसांना भाव होता, त्यासाठी घासाघीस व्हायची. तेच केस तीन फूट खाली जाळीत गेले की त्यांना हात लावणारा माणूस हलका ठरतो. मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ च्या आपल्या पुस्तकात घाणीचा विचार असाच केला आहे: वस्तू जिथे असायला नको तिथे असणं, म्हणजे घाण. मला त्यात आपल्या बाजूने एक भर घालावीशी वाटते. आपल्याकडे वस्तूची जागा बदलली की ती धुऊन घेता येते. ती उचलणाऱ्याला मात्र कितीही धुतलं तरी पुरत नाही.

मोरी तुंबली की ॲसिड ओता, हा सल्ला हमखास मिळतो. ॲसिडने केस विरघळत नाहीत, फरशीचे सांधे मात्र खराब होतात. आणि वरून कुणी ब्लीच ओतलं तर क्लोरीन वायू निघतो. कॉस्टिक सोड्याने केस खरोखर विरघळतात, पण चुकून उडाला तर कातडीही तशीच जळते. दोन्हींचं आकर्षण एकच आहे, बघावं लागत नाही. झाकण उघडा, ओता, दार लावून घ्या. पण ओतलेलं कुठे नाहीसं होत नाही, ते इमारतीच्या चेंबरमध्ये जातं. आणि चेंबर तुंबतं, तेव्हा त्याची जाळी उचलायला आपल्यातलं कुणी जात नाही.

आमच्या इमारतीचं चेंबर गेल्या महिन्यात तुंबलं. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘माणूस सांगितला आहे.’ माणूस म्हणजे कोण, तो बांबूच्या कामट्या घेऊन बाहेरून ढोसणार की आत उतरणार, यातलं काही नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे, आणि तो उतरवणाऱ्या कुणाही खासगी माणसाला लागू होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्या कामगारांच्या कुटुंबांना द्यायची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. भरपाईचा आकडा वाढवावा लागतो, याचाच अर्थ माणसं अजून उतरतात.

मी ग्रुपवर एवढंच विचारलं, की माणूस आत उतरणार आहे का, आणि जेटिंगची गाडी मागवता येईल का. सेक्रेटरी काकांनी सरळ उत्तर दिलं: गाडीला बराच जास्त खर्च येतो, प्रत्येक फ्लॅटला वर्गणी काढावी लागेल, मीटिंगमध्ये ठेवू. खाली दोन जणांनी अंगठा दाखवला, एकाने ‘दर वेळी हाच माणूस येतो, त्याला सवय आहे’ असं लिहिलं. एमबीएवाली रूममेट शेजारी बसून हे वाचत होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि लिहिलं, ‘आमच्या फ्लॅटची वर्गणी आम्ही आजच देतो.’

मीटिंग येत्या रविवारी सकाळी अकराला पार्किंगमध्ये आहे. भाडेकरूंना मत नसतं, पण खुर्ची घेऊन बसायला मनाई केलेली नाही.