पल्ला आणि पारख

दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल हाती आलेले मूल पहिला आवाज काढते तो जवळच्याच माणसाच्या कानाशी. दुसऱ्या दिवशी तेवढ्याने त्याचे भागत नाही. मग ते अंगणाच्या टोकाला बसलेल्या मांजरावर, पलीकडच्या गच्चीवरच्या काकांवर आणि शेवटी चंद्रावर नेम धरू लागते. त्या पिस्तुलातून काही सुटत नसल्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही. पण दूरवर नेम धरण्याची ही हौस वयाबरोबर जात नाही. आकडी, गोफण, धनुष्य, बंदूक अशी माणसाच्या अवजारांची मालिका पाहिली, तर तो हात लांब करण्याचाच इतिहास आहे असे दिसेल. हात लांब झाला म्हणजे त्याच्याबरोबर आणखी काय लांब व्हायला हवे, हा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

लांब पल्ल्यासाठी मुद्दाम सुधारून घेतलेली शिकारी रायफल हे या प्रश्नाचे फार बोलके उदाहरण आहे. दाराची कडी सरकवावी तसा पोलादी बोल्ट मागेपुढे करून एकेक काडतूस नळीत बसवायचे, ही या रायफलीची मूळ कल्पना. जर्मनीच्या पाउल माउझर यांची १८९८ ची रचना ही आजच्या बहुतेक शिकारी बोल्ट रायफलींची आजी म्हणता येईल. आपल्याकडे परवान्यावर मिळणारी, बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यातली .३१५ बोअरची रायफल ली-एनफील्डच्या घराण्यातली. कारखान्यातून येते ती सर्वांसाठी सारखी. तिला दूरचा नेम साधावा असे वाटले की मालक ती कारागिराकडे नेतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे असे काम परवाना असलेल्यानेच करायचे असते.

हे काम पाहण्यासारखे असते. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि नळीला कमीअधिक रेटते. म्हणून कारागीर नळीखालचे लाकूड इतके कोरतो की दोहोंमधून कागदाचा कपटा अडथळ्याशिवाय सरकावा. बोल्टचे यंत्र जिथे दस्त्यात बसते तिथे कडक होणारी राळ भरून बैठक पक्की करतो. चाप असा लावतो की बोटाच्या दाबाला तो दर वेळी सारखेच उत्तर देईल. दस्त्यावर गाल टेकायला उंची देतो आणि वर दुर्बीण चढवतो. हे सारे कशासाठी, तर एका अंशाच्या साठाव्या भागाइतकी चूक टाळण्यासाठी. एवढीशी चूक शंभर मीटरवर सुमारे तीन सेंटिमीटर होते आणि सहाशे मीटरवर साडेसतरा.

या कौशल्याला नावे ठेवण्याचे काहीच कारण नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन आसनांच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला आनंद झाला. त्या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. तिथे रायफल नेमबाजाच्या खांद्याला, गालाला, बोटाला चष्म्यासारखी बसवून घ्यावी लागते. नेम चुकला तर चार गुण जातात, कोणाचा जीव जात नाही. प्रश्न उभा राहतो तो कागदाच्या जागी जिवंत काही आले म्हणजे.

आता बीडहून दक्षिणेला मांजरसुंब्याचा घाट चढून सोलापूर रस्त्याने चौसाळ्याकडे या. हा बालाघाटाचा माळ. झाड विरळ, आभाळ मोठे. मांजरसुंब्याहून एक फाटा पाटोद्याकडे जातो. त्या बाजूला नायगावचे मयूर अभयारण्य १९९४ मध्ये जाहीर झाले. अशा मुलखात डोळा आपोआप लांब पाहायला शिकतो. माळ जणू म्हणत असतो की इथे अंतराला काही किंमत नाही, दिसते ते आपलेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार संपली, हे बरे झाले. तरी बंदुकीचा प्रश्न संपला नाही. रानडुकरे एका रात्रीत उभे पीक लोळवतात, आणि रात्रभर जागलीला बसणाऱ्या शेतकऱ्याला भूतदयेचे व्याख्यान देणे सोपे असते. म्हणूनच जीविताला किंवा उभ्या पिकाला धोका करणाऱ्या प्राण्याला, परवानगी घेऊन मारण्याची वाट त्याच कायद्याच्या ११ व्या कलमाने ठेवली आहे. तेव्हा गोळी सुटण्याचा प्रसंग खरोखरीच येऊ शकतो. मग ती किती अंतरावरून सुटावी?

सुधारलेल्या रायफलीचा कैवारी इथे एक मुद्दा मांडतो आणि तो वजनदार आहे. तो म्हणतो, “मारायचेच ठरले तर नीट मारावे. ओबडधोबड बंदुकीची गोळी पोटात किंवा पायात बसते, जनावर रान गाठते आणि दोन दिवस तडफडते. माझी रायफल अचूक आहे. म्हणजे ती दयाळूही आहे.” हे म्हणणे मला मान्य आहे. पण त्यात एक अट बोलली गेलेली नाही. ती रायफल दयाळू ठरते जुन्याच अंतरावर. शंभर पावलांवरून जो नेम साधायचा तोच आता अधिक खात्रीने साधला, तर वाढलेली अचूकता दयेच्या खाती जमा झाली. परंतु अचूकता वाढली म्हणून तो सहाशे पावलांवर जाऊन बसला, तर ती अचूकता त्याने अंतर विकत घेण्यात खर्चून टाकली. जनावराच्या वाट्याला पुन्हा पहिलीच अनिश्चितता आली. पगार वाढताच कर्ज वाढवणाऱ्या गृहस्थासारखीच ही गोष्ट. मिळकत दुप्पट होते, पण घरची ओढाताण आहे तिथेच राहते.

शिवाय काही गोष्टी कोणत्याही कारागिराला दुरुस्त करता येत नाहीत. चांगल्या शिकारी रायफलीच्या गोळीलाही सहाशे मीटर जायला सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्यात ती नळीच्या रोखापासून तीनचार मीटर खाली येते, आणि साधा आडवा वारा तिला हातभर बाजूला नेऊ शकतो. उताराचा हिशेब करता येतो, वाऱ्याचा अंदाज बांधता येतो. पण चाप दाबल्यानंतरच्या त्या सेकंदात जनावराने एक पाऊल टाकले तर? ते पाऊल कोणत्याही कोष्टकात नसते. आणि चुकलेली गोळी तिथेच संपत नाही. ती पुढे तीनचार किलोमीटरही जाऊ शकते. चौसाळ्याच्या माळावर ओसाड दिसणाऱ्या तीन किलोमीटरांत काय काय असते! ज्वारीच्या कडेला जागलीची खोप, मेंढरांचा तळ, शाळेतून पायवाटेने घरी निघालेली मुले. दुर्बिणीत यातले काहीही दिसत नाही, कारण दुर्बीण जवळ आणते ते फक्त एक वर्तुळ. बाकीचे जग ती पुसून टाकते.

द्रोणाचार्यांनी घेतलेली परीक्षा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. झाडावर पक्षी ठेवला होता. युधिष्ठिराला विचारले, काय दिसते? तो म्हणाला, झाड दिसते, पक्षी दिसतो, आपण दिसता, भाऊ दिसतात. गुरुजी नाराज झाले. अर्जुनाला पक्ष्याचे मस्तक तेवढे दिसले आणि तो उत्तीर्ण झाला. एकाग्रतेचा हा धडा आपण पिढ्यानपिढ्या मुलांना देत आलो. पण महाभारतकारांनी एक तपशील स्पष्ट सांगितला आहे आणि आपण तो विसरतो. तो पक्षी कृत्रिम होता, कारागिरांकडून करवून घेतलेला. परीक्षेच्या मैदानात अर्जुनाचे उत्तर बरोबर आहे. खऱ्या रानात, खऱ्या जिवावर नेम धरताना मात्र युधिष्ठिराचे उत्तर बरोबर आहे. झाड दिसले पाहिजे, आणि झाडामागचे भाऊही दिसले पाहिजेत.

आपल्या पुराणांनी हे फार करुण रीतीने सांगून ठेवले आहे. दशरथ शब्दवेधी होता. अंधारात नुसत्या आवाजावर बाण मारण्याइतका त्याचा पल्ला वाढला होता, आणि हत्ती समजून त्याने पाणी भरणाऱ्या मुनिकुमाराला मारले. पांडूने हरणाच्या जोडीवर बाण सोडला; तो हरणाचे रूप घेतलेला ऋषी निघाला. जरा नावाच्या व्याधाला श्रीकृष्णाचे पाऊल हे हरिण वाटले. या तिघांपैकी एकाचाही नेम चुकला नाही. चुकली ती पारख. हात पोचला तिथे ओळख पोचली नव्हती, आणि त्याची किंमत घराण्यांनी मोजली.

म्हणून मला वाटते, या बाबतीतला नियम मीटरांत सांगता येणार नाही, पण शब्दांत सांगता येईल. जिथवर आपली ओळख पोचते तिथवरच आपला हात पोचावा. समोर काय आहे, मागे कोण आहे, आणि घाव अपुरा पडला तर आपण तिथवर जाऊन तो निस्तरणार आहोत का, या तीन प्रश्नांची उत्तरे देता येतील तोच खरा पल्ला. जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल .२७५ बोअरची रिग्बी रायफल भेट मिळाली. तीही माउझरच्याच घडणीची बोल्ट रायफल होती. पण त्यांचे लिखाण वाचताना मनात राहते ती रायफल नव्हे, त्यांची पायपीट राहते. नेमके तेच जनावर ओळखावे म्हणून ते मागावर मैलोगणती चालले. बीडकरांना हे दूरचे वाटायला नको. २०२० च्या हिवाळ्यात आष्टी तालुक्यात माणसे मारणारा बिबट्या डिसेंबरमध्ये करमाळा तालुक्यात गोळी घालून मारावा लागला. त्या दिवसांत शेतावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात गोळा उठत असे. तेव्हा बंदूक आवश्यक होती, यात शंका नाही. पण तिच्याइतकेच आवश्यक होते हाच तो बिबट्या हे ठरवणे.

पुढे २०२५ च्या आरंभी बीड जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांची संख्या राज्यभर चर्चेला आली आणि अनेक परवाने रद्द झाले. कमरेला बंदूक ही प्रतिष्ठेची खूण झाली, की तिचा पल्ला विचारला जातो, धरणाऱ्याची पारख कोणी विचारत नाही. रायफल सुधारणारा कारागीर नळी, चाप, दस्ता, दुर्बीण हे सारे बदलू शकतो. चापावरचे बोट ज्याचे असते, त्याची घडण बदलण्याचे काम त्याच्या दुकानात होत नाही. ते घरात होते, जेवताना, बोलताना, मुलांना गोष्टी सांगताना. तेव्हा अर्जुनाची गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. तिच्याबरोबर युधिष्ठिराला काय काय दिसत होते, तेही सांगावे.