काटा एकच हवा

ज्या वस्तूचा निवाडा करावयास मनुष्य बसतो तिच्याविषयीचे आपले मत त्याने पुष्कळदा आधीच कायम करून ठेवलेले असते, आणि पुढे जी चौकशी होते ती त्या मताला दाखले मिळवून देण्यापुरतीच असते, ही गोष्ट न्यायकचेरीच्या संबंधात आपण चटकन मान्य करतो. परंतु रविवारच्या पुरवणीत येणाऱ्या मोटारींच्या परीक्षणासही ती तितकीच लागू पडते असे कोणी म्हटले, तर शहरातला वाचक किंचित हसेल. कुंडलिका नदीच्या अलीकडे, अष्टमीच्या अंगाला, टेम्पो आणि मिनीडोर चालवून ज्यांचे पोट भरते ते मात्र हसणार नाहीत. त्यांची फिर्याद जुनी आहे आणि तिचा मसुदा अगदी थोडक्यात सांगता येतो: परदेशी नावाची गाडी आली की छापील कागद तिला झुकते माप देतो, आणि टाटा किंवा महिंद्राची गाडी आली की तिचे दोष भिंग लावून शोधतो.

फिर्यादीस अजिबात आधार नाही असे म्हणता येणार नाही. एखाद्या जर्मन गाडीचे स्टिअरिंग हाताला जड लागले, तर ती गाडी रस्त्यावर ‘भारदस्त’ वाटते. देशी गाडीचे लागले तर ते नुसतेच जड. परदेशी गाडीचे सस्पेन्शन खड्ड्यात आपटले तर तो चपळपणासाठी मोजलेला मोबदला असतो. देशी गाडीचे आपटले तर तो कारागिरीतला ढिसाळपणा असतो. एकीची दुरुस्ती महाग पडली की ती दर्जाची किंमत ठरते, आणि दुसरीची स्वस्त पडली तरी ‘वारंवार करावी लागते’ एवढी पुस्ती तिला जोडली जाते. या लेखनात खोटे असे फार थोडे असते. दोष बहुधा खरेच असतात. अन्याय होतो तो त्यांच्या अर्थात. परदेशी गाडीतला दोष हा त्या एका गाडीचा अपवाद म्हणून सोडून दिला जातो आणि देशी गाडीतला दोष हा तिच्या साऱ्या कुळाचा स्वभाव म्हणून नोंदला जातो. माणसांच्या बाबतीत आपण निराळे वागतो असे नाही. मोठ्या घरचा मुलगा परीक्षेत नापास झाला तर त्या दिवशी त्याची प्रकृती बरी नव्हती, आणि गड्याचा मुलगा झाला तर त्याच्या डोक्यातच विद्या नाही, असे सांगणारी माणसे स्वतःला पक्षपाती समजत नाहीत.

तरीपण हा पूर्वग्रह वार्ताहरांनी एका रात्रीत जन्मास घातला असे मानणे हाही एक पूर्वग्रहच होईल. त्याची मुळे शोधावयाची तर जरा मागे गेले पाहिजे. मुंबईत शिवडीला १९२८ साली जनरल मोटर्सने परदेशातून आलेले सुटे भाग जोडून गाड्या उभ्या करण्याचा कारखाना काढला, आणि थोड्याच काळात फोर्डनेही तेच केले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, कुर्ल्याला कारखाना उभारला, आणि जोडणी सोडून घडणीकडे जाण्याचा मनसुबा धरला. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने असे धोरण ठरवले, की जे कारखानदार टप्प्याटप्प्याने गाडीचे भाग याच देशात बनवतील त्यांनाच धंद्याची मुभा राहील. तेव्हा या दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी येथला गाशा गुंडाळला. त्या वेळी देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, म्हणजे अष्टमीच्या समोरच्या काठावरील रोह्याच्या घराण्यातले गृहस्थ. त्यामुळे त्या कालखंडाविषयी या परिसराला थोडी आपुलकी असली तर ती क्षम्य आहे. धोरण चुकीचे होते असे आज तरी म्हणवत नाही. ते नसते तर पिंपरी, आकुर्डी, कांदिवली आणि नाशिक या गावांची नावे यंत्रविद्येच्या इतिहासात आज आहेत तशी आली असती की नाही, याची शंकाच आहे.

परंतु जकातीच्या भिंतीआड जे वाढले त्याला वाऱ्याची सवय राहिली नाही. परवाना हातात असलेल्या कारखानदाराकडे गिऱ्हाइके वर्षानुवर्षे नंबर लावून उभी होती. स्कूटरसाठी बापाने लावलेला नंबर मुलाच्या लग्नाच्या सुमारास लागला, अशा हकिकती त्या पिढीच्या तोंडी असत. फियाट आणि ॲम्बॅसॅडर या दोन गाड्यांच्या अंगकाठीत दशकांमागून दशके म्हणण्यासारखा फरक पडला नाही, कारण फरक पाडावा अशी सक्ती कोणी करू शकत नव्हते. त्यातही हे संरक्षण देशी कल्पकतेच्या वाट्याला आले असे नाही. ते आले परवानाधारकाच्या वाट्याला. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वतःच्या बळावर ‘मीरा’ नावाची छोटी मोटार घडवली आणि पुन्हापुन्हा सुधारली, पण ती कारखान्यातून घाऊक निघण्याची वेळ कधी आलीच नाही. अशा बंद दरबारात पोळलेल्या पिढीला १९८३ च्या डिसेंबरात सुझुकीच्या साह्याने झालेली मारुती मिळाली, तेव्हा दार एका हाताने अलगद लागते याचेच तिला नवल वाटले. त्यात भर पडली ती आखातात नोकरीस गेलेल्या कोकणी माणसांची. ते सुटीवर येत आणि तिथल्या टोयोटाचे गुण गात. मात्र तिथला गुळगुळीत रस्ता आणि कोरडी हवा त्या गुणगानातून गळून जात असे. वार्ताहरही याच समाजातून येतो. त्याच्या मनातला संशय हा अशा रीतीने एका पिढीची साक्ष आहे, आणि साक्ष ऐकून घेण्यात गैर काही नाही. गैर आहे ते साक्षीलाच निकाल समजण्यात.

निकाल वेगळा लागू शकतो याचे उदाहरण शोधण्यासाठी पुरवणीच्या गुळगुळीत पानांवर जाण्याची गरज नाही, पेणपर्यंत गेले तरी पुरे. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात हलक्या मालमोटारींच्या धंद्यात टोयोटा, निस्सान, माझदा आणि मित्सुबिशी या चार जपानी नावांनी देशी भागीदार धरून एकामागून एक प्रवेश केला, आणि इतक्या नामांकित मंडळींपुढे येथल्या कारखान्याचा निभाव लागणार नाही असा तर्क करणे त्या वेळी शहाणपणाचे मानले जात होते. त्यांना उत्तर म्हणून टाटांच्या पुण्यातील टेल्कोने १९८६ मध्ये ४०७ ही गाडी बाजारात आणली. तिची कैफियत कोणी छापून मांडली म्हणून ती जिंकली नाही. माल किती नेते, डिझेल किती पिते, घाटात दम टाकते काय आणि मोडली तर कोठे दुरुस्त होते, या चार प्रश्नांची तिने जी उत्तरे दिली ती मालकांना आणि चालकांना पटली. त्या चार जपानी भागीदाऱ्यांपैकी काही पुढे दुसऱ्यांच्या हाती गेल्या. ४०७ मात्र जांभा, भात, मासळी आणि लग्नाचे वऱ्हाड वाहत कोकणात राहिली. २००५ साली त्याच घराण्यातून ‘एस’ निघाली आणि लोकांनी तिचे बारसे परस्पर ‘छोटा हत्ती’ असे करून टाकले.

गणपतीच्या आधीच्या दिवसांत पेण-हमरापूरच्या कारखान्यांपुढे या हत्तींची रांग लागते. मूर्तींच्या चारी बाजूंनी पेंढा ठासला जात असतो, आणि तेवढ्या वेळात एक चालक रस्त्यावर गोणपाट टाकून गाडीखाली सरपटत जातो, पान्ह्याने मागच्या कमानपाट्यावर ठोकून आवाज ऐकतो, दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवून खाऱ्या हवेने पत्रा कुठे फुगला आहे ते पाहतो, आणि समाधान झाल्यावर बाहेर येतो. “काका, गाडी कुठल्या देशाची ते मला नका विचारू,” तो म्हणतो, “पाटा तुटला तर पेणला मिळतो की मुंबईला धावायला लागतं, ते विचारा.” वडखळपासून कोलाडपर्यंतच्या महामार्गाची जी दशा आपण वर्षानुवर्षे सोसली, तिच्यावरून शाडूच्या मूर्तीच्या बोटालाही धक्का न लावता गाडी नेणे, ही परीक्षा कोणत्याही परीक्षणाच्या तक्त्यात नसते.

आणि येथेच मला त्या जुन्या फिर्यादीत थोडी दुरुस्ती सुचवावीशी वाटते. पक्षपात देशी आणि परदेशी यांच्यामध्ये होतो, त्याहून अधिक तो गाडी मिरवणारा आणि गाडीवर जगणारा यांच्यामध्ये होतो. परीक्षक ज्या आसनावर बसतो ते हौशी मालकाचे आसन असते. गाडी कंपनीने दिलेली, कोरी, तेलपाणी करून आणलेली. रस्ता कंपनीने निवडलेला. मुक्काम पुष्कळदा कंपनीच्याच खर्चाने एखाद्या रम्य ठिकाणी. आणि परिचय दोन-तीन दिवसांचा. एवढ्या मुदतीत दाराचा आवाज, आतल्या प्लॅस्टिकचा पोत आणि पडद्याची चमक यांचाच निवाडा होऊ शकतो, आणि या बाबींत परदेशी कारखाने दीर्घकाळ खरोखरच सरस होते. पत्र्याला गंज किती वर्षांनी धरला, क्लच प्लेट किती ट्रिपा टिकली, सामानासाठी गाडी किती दिवस उभी राहिली आणि त्या दिवसांत बँकेचा हप्ता कोणी भरला, हे प्रश्न त्या आसनावरून दिसतच नाहीत. मिनीडोर आणि टेम्पो तर त्या पानांवर क्वचितच येतात; ज्यांच्या बाजूने किंवा विरुद्ध पक्षपात करावा इतकीही दखल त्यांची घेतली जात नाही.

नाव पाहून गुण ठरवण्याचा धोका किती मोठा आहे हे कळण्यासाठी दोन प्रसंग पुरेसे आहेत. १९९८ च्या अखेरीस टाटांची इंडिका विक्रीस आली. तिच्यासाठी लाखाहून अधिक लोकांनी आगाऊ पैसे भरले. सुरुवातीच्या गाड्यांविरुद्ध तक्रारींचा पाऊस पडला आणि वर्तमानपत्रांनी तो छापला. कंपनीने दोष मान्य करून गाडी सुधारली आणि २००१ मध्ये तिची दुसरी आवृत्ती काढली. म्हणजे त्या कठोर टीकेने देशी गाडीचे नुकसान केले असे म्हणण्यापेक्षा तिला शिकवले असे म्हणणे न्याय्य होईल. पुढे २००३ मध्ये पुण्यात घडलेली हीच गाडी इंग्लंडात रोव्हरच्या नावाने विकली गेली, आणि तेथल्या परीक्षकांनी ‘आपली रोव्हर’ म्हणून तिची गय केली नाही. मागितलेल्या किमतीच्या मानाने ती उणी पडते असे त्यांनी बिनदिक्कत लिहिले. दुसरा प्रसंग २०१४ च्या जानेवारीचा. ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या भिंतीसारख्या अडथळ्यावर आदळून पाहिल्या. त्यांत टाटांची नॅनो होती, तशीच सुझुकीची, ह्युंदाईची, फोर्डची आणि फोक्सवॅगनचीही होती. एअरबॅग नसलेल्या त्या साऱ्या गाड्यांना प्रौढांच्या संरक्षणासाठी शून्य तारे मिळाले. तीच जर्मन गाडी दोन एअरबॅगांसह आदळली तेव्हा चार ताऱ्यांना पात्र ठरली. म्हणजे ज्या नावावर आपण जीव टाकत होतो त्या नावाला जीव वाचवण्याची विद्या अवगत होती, फक्त ती स्वस्त गाडीत घालून येथे विकण्याची निकड वाटली नव्हती. २०१८ च्या डिसेंबरात त्याच संस्थेच्या कसोटीत पूर्ण पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली टाटांची नेक्सॉन. काटा एकच ठेवला की पूर्वग्रहाला वावरायला जागा उरत नाही, ही गोष्ट कोणत्याही अग्रलेखापेक्षा या दोन निकालांनी अधिक स्पष्ट केली.

परंतु एकच काटा हवा अशी मागणी करणाराने तो आपल्या विरुद्धही चालेल हे आधी कबूल केले पाहिजे. अलीकडे उलट दिशेचा एक पक्षपात वाढीस लागला आहे. देशी गाडीतला दोष दाखवणारा परीक्षक हा जणू देशाचाच वैरी, त्याने परदेशी कंपनीचे मीठ खाल्ले असलेच पाहिजे, असे त्वेषाने बोलणारे लोक भेटतात. आणि देशी कंपन्यांच्या जाहिरातींनीही तीच वर्तमानपत्रे पोसली जातात, ही गोष्ट ते सोयीस्करपणे विसरतात. यांना न्याय नको असतो, त्यांना तरफदारी हवी असते, आणि ती आपल्या बाजूची असावी एवढाच त्यांचा आग्रह असतो. शिवाय ‘आपली’ कोण, हेही आता सोपे राहिलेले नाही. चाकणला जर्मन नावाच्या गाड्या मराठी कामगारांच्या हातून तयार होतात, आणि जॅग्वार-लँड रोव्हर ही इंग्रजी घराणी २००८ पासून मुंबईच्या मालकीची आहेत. गाडीच्या कुळाची चौकशी करून तिची पत ठरवू पाहणाऱ्याला आता वंशावळच हाती लागत नाही. त्याला गाडीच पाहावी लागेल.

तेव्हा परीक्षकाकडून अपेक्षा करावयाच्या त्या एवढ्याच, की पाहुणचार कोणाचा घेतला हे त्याने लेखाच्या माथ्यावर नमूद करावे. जो दोष एका गाडीत क्षम्य मानला तो दुसरीतही मानावा, अथवा दोहोंतही मानू नये. आणि कोऱ्या गाडीचा एकदा निकाल दिल्यावर, तीच गाडी कोकणातले दोन-तीन पावसाळे काढून आल्यावर, तिच्या चालकाची जबानी घेऊन, तो निकाल पुन्हा तपासावा. वाचकाकडूनही एक अपेक्षा आहे: देशी गाडीविषयी कठोर पण सप्रमाण लिहिलेले सहन करण्याची. देशी गाडीला जिव्हाळा हवा असेल तर तो तिच्या घरच्या माणसांनी द्यावा. वर्तमानपत्राने तिला न्याय तेवढा द्यावा, आणि तेवढ्यावर तिचे भागते, हे ४०७ ने चार नामांकित प्रतिस्पर्ध्यांसमोर एकदा सिद्ध करून दाखवलेले आहे.