फॉरेस्ट वेगळं, जंगल वेगळं

गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याबाहेर रस्त्यालगतच्या एका उघड्या माळाकडे बोट दाखवून मी सोबतच्या शेतकऱ्याला विचारलं, ‘‘हे पडीक कोणाचं?’’ ‘‘पडीक नाही जी, फॉरेस्ट आहे.’’ माळावर चार-दोन खुरटी झुडपं होती, बाकी सगळा मुरूम. ‘‘मग जंगल कुठं आहे?’’ ‘‘जंगल तिकडं,’’ लांबच्या सागांकडे हात करत तो म्हणाला, ‘‘हे नुसतं फॉरेस्ट.’’

त्याच्या बोलण्यात या दोन शब्दांची वाटणी पक्की झालेली आहे. जंगल म्हणजे झाडं, सावली, मोहफूल, जनावरं. फॉरेस्ट म्हणजे खातं, आणि त्या खात्याच्या नावावरची जमीन. मग तिच्यावर झाड असो वा नसो. शाळेत आपण ‘फॉरेस्ट म्हणजे जंगल’ असं पाठ केलं आणि पुढं गेलो. या माणसाला ते समीकरण मान्य नाही. त्याचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण त्यानं त्या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ अगदी बरोबर सांगितला होता.

इंग्लंडात फॉरेस्ट हा शब्द झाडांचा नव्हताच, कायद्याचा होता. 1066 नंतर नॉर्मन राजे आले आणि त्यांनी शिकारीसाठी मोठमोठे प्रदेश राखून ठेवले. तिथं सामान्य कायदा चालत नसे, राजाचा वेगळा कायदा चाले. अशा प्रदेशाला फॉरेस्ट म्हणत. त्यात गवताळ माळ येत, ओसाड भूमी येई, अख्खी गावंही येत. हरणाला हात लावला तर शिक्षा होई, आणि स्वतःच्या शेताभोवती हरणं अडतील असं कुंपण घालायलाही मनाई असे. लोकांचा राग साचत गेला, आणि 1217 साली ‘चार्टर ऑफ द फॉरेस्ट’ नावाची सनद निघाली. तिनं रानात डुकरं चारायचे, सरपण आणायचे, गुरं नेण्याचे हक्क रयतेला परत दिले. मॅग्ना कार्टाचं नाव सर्वांना ठाऊक असतं. तिच्या या धाकट्या बहिणीकडे मात्र फारसं कोणी पाहत नाही. गडचिरोलीच्या वाचकाला खरी जवळची आहे ती ही धाकटीच.

शब्दाचं मूळ बहुतेक अभ्यासक लॅटिनमधल्या ‘बाहेर’ या अर्थाच्या शब्दात शोधतात. फॉरेन हा शब्दही त्याच मुळाचा. त्याच्याही मागे गेलं तर लॅटिनमधला दाराचा शब्द लागतो, आणि तो आपल्या संस्कृत ‘द्वारा’चा सख्खा नातलग आहे. म्हणजे फॉरेस्ट आणि मराठी दार ही एकाच घराण्यातली लांबची भावंडं. पूर्व पाकिस्तानातून आलेली जी बंगाली कुटुंबं मुलचेऱ्याच्या आसपास वसवली गेली, त्यांच्या घरातला ‘दोर’ही त्यातलाच. अशा गोष्टींत मी रमतो, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. दाराबाहेरचं ते फॉरेस्ट. पण बाहेरचं कोणाच्या दाराच्या? ज्याचं घरच रानात आहे, त्याच्या दाराच्या नक्कीच नाही.

जंगल या शब्दाचा प्रवास नेमका उलट्या दिशेनं झाला. आयुर्वेदात देशाचे प्रकार सांगितले आहेत. ‘आनूप’ म्हणजे पाणथळ, दाट, ओलसर. ‘जांगल’ म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडोऱ्याचा. आपल्या भाषांत येईतो तो शब्द रानाचा झाला, आणि इंग्रजांनी अठराव्या शतकात उचलल्यावर त्यांच्या हाती तो चक्क घनदाट, दमट अरण्याचा झाला. किपलिंगचं ‘जंगल बुक’ 1894 साली आलं. त्याची भूमी आपल्या शेजारची, सिवनीची; तिथलं रान उन्हाळ्यात पानं गाळणारं. पण जगभरच्या वाचकांच्या डोळ्यांपुढं उभी राहिली ती वेलींनी गच्च भरलेली हिरवाई. आता त्या मुरमाड माळाकडे पुन्हा पाहा. जुन्या इंग्रजीत तो फॉरेस्ट ठरतो आणि जुन्या संस्कृतात जांगल. फक्त आजच्या माणसाच्या अर्थानं तो जंगल नाही.

माझे एक मित्र भाषाशुद्धीचे कडवे पुरस्कर्ते आहेत. त्यांच्यापुढं हे सगळं मांडलं तर ते म्हणाले, ‘‘बघा, परका शब्द घेतला की परकी सत्ताही सोबत येते. फॉरेस्ट, रेंज, बीट हे सगळं हाकलून द्या, प्रश्न सुटेल.’’ त्यांच्या पाठीशी मोठी माणसं आहेत, हे मी नाकारत नाही. शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला. सावरकरांनी घडवलेले महापौर, दिनांक हे शब्द आपण रोज वापरतो. पण वनखात्यात हे काम होऊनही गेलं आहे. कागदोपत्री रेंज आता वनपरिक्षेत्र आहे आणि बीट नियतक्षेत्र. गावातला माणूस अजूनही बीटच म्हणतो, कारण नियतक्षेत्र त्याला बीटहून परकं वाटतं. कूप हा शब्द घ्या. तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा म्हणजे कूप. शब्द फ्रेंच, ‘कापणं’ या अर्थाचा. इंग्रजांचे वनाधिकारी एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये नान्सीच्या वनविद्यालयात शिकून हिंदुस्थानात येत, तिकडून तो आला. आज कूपकटाईला जाणाऱ्या मजुराला तो मराठीच वाटतो, आणि त्याला तसं वाटणं पुरेसं आहे.

मित्राला माझं खरं उत्तर मात्र एकाच शब्दात आहे: गौण. ‘गौण वनउपज’ यात परकं अक्षरही नाही, ‘गौण’ तर शुद्ध संस्कृत. पण इंग्रजांच्या खात्यानं ‘मायनर’ म्हणून जे ठरवलं, ते सगळं या शुद्ध शब्दानं जसंच्या तसं उचललं. सरकारला इमारती लाकूड हवं होतं म्हणून लाकूड मुख्य; तेंदूपत्ता, मोहफूल, डिंक, चारोळी, हिरडा, बेहडा हे सगळं किरकोळ. मुलचेऱ्यापासून भामरागडपर्यंत कोणत्याही घरात विचारा. उन्हाळ्यात हातात पैसा येतो तो तेंदूच्या पानाचा. सागाची फळी त्या घरात येतच नाही. ज्याच्यावर संसार चालतो त्यालाच गौण म्हणायला आम्ही शिकलो, आणि तेही स्वभाषेत. म्हणून शुद्धीकरणवाल्यांशी माझं पटत नाही. ते शब्दाचा पोशाख बदलतात आणि आतला निर्णय तसाच राहू देतात.

इथवर येईतो माझा कल असा होता की शब्दाचं मूळ लोकांना सांगितलं की त्याची पकड सैल होईल. बांबूची गोष्ट आठवली आणि हे टिकणार नाही असं दिसलं. बांबू हे गवत आहे, हे वनस्पतिशास्त्रात कधीपासून ठरलेलं. पण 1927 च्या भारतीय वन कायद्यात झाडाच्या व्याख्येत बांबू घातलेला होता. बांबू झाड ठरला की तो इमारती मालाच्या रांगेत बसतो आणि मालकी खात्याकडे जाते. 2006 च्या वनहक्क कायद्यानं त्याला गौण वनउपजात घेतलं आणि त्यावर ग्रामसभांचा हक्क मान्य केला. तरीही धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला स्वतःचा बांबू विकता यावा म्हणून वाहतूक परवान्यासाठी झगडावं लागलं. तो परवाना गावाच्या हाती आला 27 एप्रिल 2011 रोजी. तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश त्यासाठी गावात आले होते. 1927 च्या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो तर 2017 मध्ये. या सगळ्या काळात व्युत्पत्ती कोणाच्या कामी आली? कोणाच्याच नाही. कामी आली ती व्याख्या. आणि गंमत नव्हे, दुःखाची बाब ही की ज्या ‘गौण’ शब्दावर मी इतका चिडलो, त्याच शब्दाच्या यादीत बांबू गेला म्हणून मेंढा-लेखाचा हक्क उभा राहिला.

मग व्याख्या लोकांच्या बोलीवर सोपवली तर? तेही घडून गेलं आहे. 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन खटल्यात सांगितलं की फॉरेस्ट या शब्दाचा अर्थ शब्दकोशात आहे तो धरायचा, आणि सरकारी नोंदीत वन म्हणून लिहिलेली जमीनही त्यात धरायची, मालकी कोणाचीही असो. त्या एका वाक्यानं देशभर बरंच रान वाचलं, हे मी मनापासून मानतो. पण पूर्व विदर्भात ‘झुडपी जंगल’ नावाच्या जमिनी आहेत. हा शुद्ध मराठी शब्द जुन्या महसुली नोंदीत गुरं चारायच्या खुरट्या माळांसाठी पडला. नोंदीत ‘जंगल’ लिहिलेलं, म्हणून या जमिनींवरची घरं, शाळा, स्मशानं वर्षानुवर्षं अधांतरी राहिली. मे 2025 मध्ये न्यायालयानं या सुमारे 86 हजार हेक्टर जमिनी वनच आहेत असा निवाडा दिला, आणि 1996 पूर्वीच्या वापरांसाठी मार्ग ठेवला. कोणा कारकुनानं लिहिलेला एक साधा मराठी शब्द सहा जिल्ह्यांच्या बोकांडी बसला. त्यात इंग्रजीचा दोष कुठं होता?

म्हणून मला आता असं वाटतं: शब्द कुठून आला हे जाणून घेण्यात मोठा आनंद आहे, पण शब्द कोणाच्या हाती आहे हा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. वनहक्क कायद्यानं सामूहिक वनाची जी व्याख्या केली, ती गावाच्या परंपरागत सीमेपासून सुरू होते. खात्याच्या नकाशापासून नाही. आपल्याकडच्या कायद्यांत रानाची व्याख्या अशी गावापासून सुरू झाल्याचं मला दुसरीकडं दिसत नाही. तेव्हा जे ग्रामसभांबरोबर काम करतात त्यांना माझी एवढीच विनंती आहे. दाव्याचा अर्ज भरण्याआधी कायद्यातलं व्याख्यांचं कलम गावात मोठ्यानं वाचा, मराठीत वाचा, गोंडीत, माडियात समजावून सांगा. आणि एकेका शब्दाशी थांबून लोकांना विचारा, हे तुम्हाला मान्य आहे का?